हिवाळ्यापूर्वी ये

या वेळचं पत्र बेळगावहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"मावशी, सलाम. आम्ही मिरजेचे. दीड वर्षापूर्वी ह्यांना उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत काम लागलं म्हणून बेळगावला आलो. खानापूर रोडच्या बाजूला नव्या लेआउटमध्ये भाड्याचं घर आहे, चर्च शहरात, सहा-सात किलोमीटर लांब. मिरजेत मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, घरच होतं. इथं उपासना अर्धी कन्नड, अर्धी मराठी. माणसं वाईट नाहीत. हात मिळवतात, नाव विचारतात, पुढच्या रविवारी पुन्हा नाव विचारतात. गेल्या डिसेंबरात उपासनेत सांगितलं की २१ तारखेला रात्री कॅरोलवाले, घरोघरी नाताळची गाणी गाणारे, आमच्या भागात येणार. मी ४० करंज्या केल्या. मुलांना स्वेटर-टोपडी घातली, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळून त्यांना बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. साडेबारापर्यंत बसलो. लांबून ड्रमचा आवाज आला आणि पलीकडच्या रस्त्यानं निघून गेला. धाकटा उंबऱ्यावरच झोपला. पुढच्या रविवारी कुणी काही बोललं नाही, मीही नाही. तेव्हापासून मन उतरलंय. थंडीत मुलांना उठवून एवढ्या लांब जायचं जिवावर येतं. रजईत बसून मोबाइलवर पुण्याच्या एका चर्चची उपासना बघतो, गाणी ओळखीची, भाषा आपली. यंदा नाताळला मिरजेलाच जावं म्हणते. इथली दोन-तीन मराठी घरं म्हणतायत, आपली वेगळी प्रार्थना सुरू करू. सासूबाई म्हणतात, कुणाच्या दारात मागायला जायचं नाही. मी काय करू? — मिरजेची लेक"

बाळा, सलाम.

उंबऱ्यावर झोपलेल्या तुझ्या धाकट्यापाशी मी अडले. पत्र बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसले. आधी हे ऐक: तुला लागलं, ते लागण्यासारखंच होतं. "एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घेतेस" असं तुला कुणी म्हटलं असेल तर ते चुकीचं आहे. चाळीस करंज्यांना सारण किती लागतं, लाटायला किती वेळ जातो, हे करणारीलाच ठाऊक. पाहुण्यासाठी दिवा लावून ठेवायचा आणि पाहुण्यानं शेजारच्या गल्लीतून निघून जायचं, हे ज्याच्या वाट्याला येतं त्याच्या पोटात खड्डा पडतोच.

आता माझी बाजू सांगते, कारण मी कॅरोलवाल्यांच्या टेम्पोत बसलेली आहे. १९७८ च्या डिसेंबरात मी निपाणीकडच्या एका गावच्या मंडळीत तरुण संघाची सेक्रेटरी होते. कॅरोलची यादी माझ्याच हातची, कॅलेंडरच्या जुन्या पानामागं लिहिलेली. शेवटचं घर एका आजींचं. विड्या वळून पोट भरायच्या, एकट्या राहायच्या, वेशीच्या पलीकडं. रात्रीचे अडीच वाजलेले, गल्लीत दिवा नाही, कुत्री अंगावर येत होती, टेम्पोवाला कुरकुर करत होता. मुलांचे घसे बसले होते. मी म्हणाले, "आजी झोपल्या असतील, चला." आणि पेन्सिलीनं त्यांच्या नावावर रेघ मारली. ती रेघ मी अजून विसरले नाही.

जानेवारीत प्रार्थना सप्ताहात त्यांच्या घरी जायची पाळी आली. आजींनी फळीवरून ॲल्युमिनियमचा डबा काढला, त्यात करंज्या तशाच होत्या, तुपाचा वास जरा उतरलेला. डब्याखाली रुमालाची गाठ, गाठीत अर्पणाचे सुट्टे पैसे. विड्यांच्या मजुरीतून आठवडाभर बाजूला काढलेले. मी माफी मागायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तुमचं गाणं वेशीपर्यंत ऐकू आलं गं. मग एकदम बंद झालं. मला वाटलं टेम्पो नादुरुस्त झाला. पोरं थंडीत कुडकुडत येतील म्हणून मी परत चूल पेटवली, पाणी ठेवलं."

तुला हे सांगायचं कारण असं की त्या रात्री आमच्यात कुणाच्या मनात पाप नव्हतं. आम्हाला थंडी वाजत होती, यादी लांब होती, आणि आजी एकदाही म्हणाल्या नव्हत्या की मी वाट बघते. त्यांनी सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं. तरी चूक आमचीच. पण बहुतेक मंडळ्यांत माणसं मागं राहतात ती अशीच, कुणी ढकलून दिलेली नसतात.

आता तुझ्याबद्दल एक प्रश्न. मिरजेच्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र आणलंस का? ट्रान्सफर लेटर म्हणतात ते. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून मला शंका येते. दीड वर्ष रविवारी जाऊन-येऊन माणसाला वाटतं आपण या मंडळीचे झालो. पण कॅरोलची यादी बाकावर बसलेल्या माणसांवरून होत नाही, रजिस्टरवरून होते. नोव्हेंबरच्या मध्यात तरुण संघातली दोन मुलं रजिस्टर पुढ्यात घेऊन बसतात, भाग पाडतात: हा भाग पहिल्या रात्री, तो दुसऱ्या रात्री. टेम्पोचं डिझेल, पोलिसांची परवानगी, मुलींना घरी पोचवायची वेळ, असा सगळा हिशेब असतो. रजिस्टरात नाव नाही आणि घर नव्या लेआउटमध्ये, जिथल्या क्रॉस रस्त्यांना धड पाट्याही नाहीत, म्हणजे तुझं घर त्यांच्या कागदावर नव्हतंच. पलीकडच्या रस्त्यावर मात्र एक नाव होतं, म्हणून ड्रम तिकडून गेला. बाजारात भेटलेल्या बाईला आपण हसून बोलतो आणि तिचा पत्ता आपल्याकडं नसतो, तसं झालं. आजारी पडलीस तर पाळक येणार कसे, मुलाचं दृढीकरण, म्हणजे कन्फर्मेशन, व्हायचं तर नाव कुठून निघणार, सासूबाईंना घरी प्रभुभोजन द्यायचं तर कुणाला कळणार, सगळं त्या एका कागदावर अडतं. पत्र मागव.

आता सासूबाईंचं म्हणणं, की कुणाच्या दारात मागायला जायचं नाही. त्यांचा मान राखून सांगते, इथं मला ते पटत नाही. बायबलमधलं पौलानं तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र काढ, शेवटचा अध्याय. त्या अध्यायात शिकवण कमी आणि मागणं जास्त आहे. पौल तुरुंगात आहे, म्हातारा झालाय, एकेक सोबती निघून गेलाय, जवळ फक्त लूक उरलाय. आणि तो लिहितो की त्रोवसात कार्पाकडं माझा झगा राहिलाय तो घेऊन ये, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर आणच. आणि निरोप घेता घेता पुन्हा: हिवाळ्यापूर्वी ये. त्या काळी भूमध्य समुद्रातली जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च बंदच असायची, वाऱ्याचा भरवसा नसायचा. हिवाळ्याआधी तीमथ्य निघाला नाही तर थेट वसंतात, आणि तोवर आपण असू का याची पौलाला खात्री नव्हती. एवढा मोठा प्रेषित, ज्यानं मंडळ्या उभ्या केल्या, तो आपल्या तरुण सोबत्याला सांगतोय की मला थंडी वाजते, मला माणूस हवंय, आणि अमुक दिवसांच्या आत हवंय. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. घरी ये म्हणण्यात तुला का वाटावा?

आणि वस्तूही कसली मागितली बघ. झगा म्हणजे अंगावर घ्यायचं जाड पांघरूणच म्हण. आपल्याकडं धनगर विणतात ती घोंगडी डोळ्यापुढं येते. मराठीत कांबळं म्हणतो, कन्नडमध्ये कंबळी. अथणी-गोकाककडच्या बाजारात एकाच ढिगातून दोघंही तेच उचलतात.

त्यावरून भाषेकडं येते, कारण तुझ्या पत्रात खरी बोच तिथं आहे असं मला वाटतं. करंज्यांचं दुःख वरचं, भाषेचं आतलं. प्रार्थना करताना मनातला शब्द आणि ओठांवरचा शब्द एकच असावा असं प्रत्येकाला वाटतं, त्यात गैर काही नाही. इथं मराठी उपासना कुणाच्या मेहेरबानीनं चालत नाही. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात सुरू झालं १८२० मध्ये. बाबा पदमनजी, मराठी गद्याचे एक आद्य लेखक, जन्मले इथंच, १८३१ साली, आणि १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला तोही बेळगावातच. त्यामुळं इथल्या बाकावर मराठीत मान खाली घालून प्रार्थना करताना तुला पाहुणी वाटायचं कारण नाही. पण कन्नडही इथं काल आलेली नाही. तिकडं धारवाडला जर्मन-स्विस मिशनऱ्यांचं बासेल मिशन १८३७ पासून. म्हणून कन्नड मंडळ्यांच्या कितीतरी गाण्यांच्या चाली जर्मनीकडच्या आहेत, सरळ, चार आवाजांत गायच्या. आणि आपण कवी नारायण वामन टिळकांच्या मागून अभंग-भजनाच्या अंगानं गाणारे, टाळ हातात असला की खुललेले. तुला त्यांचं गाणं कोरडं वाटत असेल. त्यांना आपलं लांबलचक वाटतं, हे मला एका कन्नड बाईंनी हसत सांगितलं होतं. मग त्याच बाई शेजारी बसून आमच्याबरोबर टाळ धरायला शिकल्या.

वेगळी प्रार्थना सुरू करावी का? मराठीत प्रार्थना कर, जरूर कर, पण वेगळी होऊ नकोस. या दोहोंत फरक आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, म्हण गुरुवार, तुझ्या घरी जमा. दोन-तीन मराठी घरं, सासूबाई, शेजारची कुणी आली तर ती. उपासना संगीत या आपल्या गीतपुस्तकातली तीन-चार गीतं, एक उतारा, आजाऱ्यांची नावं, चहा. पण सुरू करण्याआधी पाळकसाहेबांना जाऊन सांग, आणि महिन्यातून एकदा त्यांना बोलाव. रविवार मोडू नका. मी माझ्या आयुष्यात तीन प्रार्थनागट वेगळे होताना पाहिले. तिन्ही थंडीच्या दिवसांतच, नाताळच्या रुसव्यातून. पहिल्या वर्षी तिथं उत्साह फार असतो. दुसऱ्या वर्षी कुणी प्रार्थना चालवायची यावरून धुसफूस. आणि ज्या लहान मुलांना शब्बाथशाळा, म्हणजे रविवारची बायबलची शाळा, हवी होती, ती मधल्या मध्ये राहतात. एक गट तर गाण्याच्या पेटीवरून फुटला.

आणखी एक. डिसेंबरात बेळगावची हवा कशी असते ते तू एक हिवाळा पाहिलंस. सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरतं, रस्त्यांवर पोलीस, मोर्चे, लॉज भरलेले, पाट्यांच्या भाषेवरून वाद, कधी कोल्हापूरकडच्या बसगाड्याही थांबतात. अशा दिवसांत बाहेर माणसं भाषेनं एकमेकांना मोजत असतात. त्याच आठवड्यात एका छपराखाली येशूच्या जन्माची कथा आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत वाचली जाते आणि दोन्ही वेळा सगळे उभे राहतात, याची किंमत मला फार वाटते. तुझ्या मुलांनी ते पाहावं. मोबाइलवरच्या पुण्याच्या उपासनेत ते दिसणार नाही.

मोबाइलबद्दल विचारलंस ते बरं केलंस. आजाऱ्यानं, बाळंतिणीनं, गुडघे गेलेल्यानं घरून उपासना ऐकावी, त्यात काहीच पाप नाही. सासूबाईंना रविवारी ती लावून देच. पण तू चौतिशी-पस्तिशीची असशील असा माझा अंदाज, हात-पाय धड आहेत. रजईतल्या उपासनेत तुला ऐकू सगळं येतं, पण तू कुणाला दिसत नाहीस. कोण खोकतंय, कुणाच्या अंगावर स्वेटर नाही, कोण गेल्या तीन रविवारी आलं नाही, हे पडद्यावर कळत नाही. आणि तू नाहीस हेही तिकडं पुण्यात कुणाला कळत नाही. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात एकत्र मिळणं सोडू नका म्हटलंय, तिथंच पुढं एकमेकांना धीर देण्याची गोष्ट आहे. धीर द्यायला समोर माणूस लागतं.

थंडीचं म्हणशील तर खरं आहे. बेळगाव उंचावर आहे, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. मिरजेपेक्षा गारठा जास्त, डिसेंबरच्या शेवटी सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, आणि तुझ्या खानापूरच्या बाजूला धुकं. स्कूटरवर दोन मुलांना पुढं-मागं बसवून जायचं म्हणजे हाल. यावर उपाय अगदी साधा आहे, आणि तोही मागण्याचाच. तुमच्या रस्त्यावरून चर्चला कोण चारचाकीतून जातं, विचार. मंडळीत कुणीतरी असतंच. रिक्षा दोन घरांनी मिळून करता येते. गेल्या हिवाळ्यात तू हे कुणाला विचारलंस? मला वाटतं नाही.

आता या वर्षी काय करायचं ते क्रमानं सांगत बसत नाही, जे महत्त्वाचं वाटतं ते सांगते.

या रविवारी उपासना संपल्यावर लगेच निघू नकोस. मुलांना ह्यांच्याकडं सोपव आणि तरुण संघाच्या सेक्रेटरीला गाठ. गेल्या वर्षीचं सांग. रागानं नको, पण गोड करूनही नको. जसं मला लिहिलंस तसं: आम्ही साडेबारापर्यंत बसलो होतो, धाकटा दारात झोपला. ते पोर वीस-बावीस वर्षांचं असेल, त्याला हे कुणी सांगितलेलंच नसेल. त्याचा चेहरा बघ तेव्हा. आणि तिथंच पत्ता लिहून दे, जवळची खूण सांग, घराचं लोकेशन मोबाइलवर पाठव आणि म्हण, यंदा तुमचा शेवटचा मुक्काम आमच्याकडं ठेवा, चहा-फराळ आम्ही करतो. कॅरोलवाल्यांना शेवटच्या घरी बसायला मिळालं की ती पोरं ते घर जन्मभर विसरत नाहीत, हे मी स्वतःच्या पोटावरून सांगते. शेवटच्या घरी घाई नसते. पेटी खाली ठेवतात, बूट काढतात, कुणीतरी भिंतीला टेकून झोपतं, आणि खऱ्या गप्पा तिथं होतात. तुझं घर लांब आहे ना? मग ते शेवटचं असणंच सोयीचं.

दुसरं, बेकरी. नाताळच्या आधी आठ-दहा दिवस नानकटाई भाजायला जातात ती जागा कुठली, ते मंडळीतल्या बायकांना विचार आणि त्यांच्याबरोबर जा. घरच्या ओव्हनमध्ये करू नकोस, मुद्दाम सांगते. मैदा, पिठीसाखर, डालडा घरून मोजून न्यायचं, तिथं परातीत मळायचं, पत्र्यावर ओळीनं गोळे लावायचे, प्रत्येक पत्र्यावर नावाची चिठ्ठी. भट्टीचं दार उघडलं की सगळ्यांच्या तोंडावर ऊब येते, आणि रांगेत दोन-दोन तास जातात. माझी बेळगावातली पहिली मैत्रीण मला त्या रांगेत मिळाली. तिला मराठी येत नव्हती, मला कन्नड येत नव्हती. माझे गोळे फार मोठे होते. तिनं माझ्या हातावर हलकी चापट मारली, एक गोळा मोडून दोन केले आणि म्हणाली, "सण्ण, सण्ण." लहान, लहान. झालं, तेवढ्यावर ओळख. पुढं तिच्या मुलीच्या लग्नात मी हळद दळली. चर्चच्या दारात हात मिळवून जे वर्षभरात होत नाही ते पिठाच्या हातांनी एका रात्रीत होतं. आणि जाताना एवढं कन्नड शिकून जा: बर्री म्हणजे या, कूडरी म्हणजे बसा. तुझ्या दारात कुणी आलं आणि तुझ्या तोंडून "बर्री, कूडरी" निघालं की समोरच्याचा अर्धा संकोच तिथंच गळतो.

नाताळला मिरजेला जावं का, हे मला सगळ्यात अवघड वाटलं. आई-वडील तिथं असतील, माहेरच्या मंडळीत नाताळची सकाळ म्हणजे काय ते मी जाणते. तरी या वर्षी २५ ची उपासना बेळगावात करा. दुपारी जेवून, किंवा २६ ला सकाळी, रेल्वेनं मिरजेला जा. गाडी घटप्रभा, रायबाग, कुडची करत सरळ मिरजेला नेते, बसच्या भानगडीत पडू नका. मिरजेत चार दिवस राहा, पोटभर मराठी गा. पण ३१ च्या रात्री परत बेळगावात या.

कारण मला विचारशील तर नाताळपेक्षा त्याच्या नंतरचे दिवस जास्त मोलाचे. नाताळला सगळेच येतात, नवे कपडे, गर्दी, फोटो. कुणाला कुणाशी बोलायला सवड नसते. ३१ च्या रात्रीच्या उपासनेला मात्र जे येतात ते काहीतरी घेऊन येतात, वर्षभराचं. तुमची मंडळी कुठल्या परंपरेची ते तू लिहिलं नाहीस. मेथडिस्ट असेल तर नव्या वर्षाच्या सुरुवातीला कराराची, म्हणजे देवाशी केलेला करार नव्यानं करण्याची, उपासना होईल. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीनं १७५५ साली ती पहिल्यांदा घेतली. त्या प्रार्थनेत एक मागणं असं येतं की प्रभू, मला कामाला लाव किंवा तुझ्यासाठी बाजूला ठेव, मला भर किंवा रिकामं कर. मी ते बऱ्याच वर्षी नुसतं म्हणून गेले. एका वर्षी मी खरोखरच बाजूला ठेवलेली होते, मंडळीत माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं, आणि ते वाक्य तोंडातून निघेना. शेजारच्या बाईनं ते म्हटलं, मी नुसती उभी राहिले. मंडळीत असण्याचा हाही एक उपयोग आहे, आपल्याला जमत नाही तेव्हा शेजारचा म्हणतो.

आणि मग जानेवारीचा पहिला आठवडा, प्रार्थना सप्ताह. ही चाल आपल्याच देशातून जगभर गेली, हे फार जणांना ठाऊक नाही. लुधियानातल्या मिशनऱ्यांनी १८५८ मध्ये जगभरच्या मंडळ्यांना हाक घातली, आणि जानेवारी १८६० मध्ये पहिला सप्ताह पाळला गेला. आपल्याकडं तो बहुतेक ठिकाणी घरोघरी फिरतो. रोज संध्याकाळी एक घर, सहा वाजून गेले की अंधार, दारात चपलांचा ढीग, आत जाजमावर दाटीवाटीनं माणसं. बाहेर गारठा, आत माणसांचीच ऊब. तुला एक घर हवंय ना? सेक्रेटरीला गाठशील तेव्हाच पाळकसाहेबांना विचार, या सप्ताहातली एक संध्याकाळ आमच्या घरी ठेवा. सासूबाईंना खुर्चीवर बसवून ठेवण्याचं कारण तेव्हा खरं होईल. त्यांना एक गीत सुरू करायला सांग. जुन्या बायकांना अख्खी गीतं पाठ असतात, पुस्तक लागत नाही, आणि त्यांनी सुरू केलं की कन्नड घरंही टाळी धरतात. मग दारात मागण्याबद्दल त्यांचं मत काय होतं ते मला कळव.

एक काम मात्र तुला देते, नुसता सल्ला घेऊन जाऊ नकोस. तुमच्या त्या नव्या लेआउटमध्ये, किंवा फाउंड्रीच्या आसपासच्या खोल्यांमध्ये, तुझ्यासारखंच कुणीतरी असणार. गदगहून आलेलं, सोलापूरहून आलेलं, एखादा एकटा मुलगा चौघांत खोली करून राहणारा. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांच्या बाजूला टोळ्या उतरतात, त्यांच्यातही कधी ख्रिस्ती कुटुंब असतं, पालात राहणारं, ज्यांच्या नाताळची कुठल्याच रजिस्टरात नोंद नसते. तू दीड वर्ष वाट बघितलीस, म्हणून तुला त्यांची घरं दिसतील. आम्हा जुन्यांना ती दिसेनाशी होतात. मी रेघ मारली ती आंधळेपणानंच. सेक्रेटरीला तुझा पत्ता देशील तेव्हा त्याच कागदावर असं आणखी एक नाव लिहून दे.

त्या आजींचं सांगायचं राहिलं. पुढच्या डिसेंबरात आम्ही त्यांच्यापासूनच सुरुवात केली. संध्याकाळी सातला, अजून घसे ताजे होते. त्यांनी डबा पुढं केला आणि पहिली करंजी टेम्पोवाल्याला दिली.

तुझं पत्र मला नोव्हेंबरच्या सुरुवातीला मिळालं, म्हणजे अजून वेळ आहे. यादी अजून झालेली नसेल. मिरजेला आजच फोन कर, सभासदत्वाचं पत्र लिहायला आणि यायला आठवडा-दोन आठवडे धर. सारणात थोडी खसखस भाजून घाल. सासूबाईंना माझा सलाम सांग, धाकट्याला पापा.

तुझी मावशी